बहनजींची कंपनी

कुणी कुठे निघालेलं दिसलं, की बहनजी आधी पायांत चपला सरकवायच्या आणि मग विचारायच्या, "कुठे चाललीस?"

आपण म्हणावं, "दाताच्या डॉक्टरकडे."

"चल, कंपनी," त्या म्हणायच्या.

एवढंच. 'येऊ का' नाही, 'चालेल का' नाही. दाराला कडी घालून त्या आपल्या आधी गल्लीत उतरलेल्या असायच्या. बनारसमधल्या दूधविनायकाच्या त्या गल्ल्यांत दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकत नाहीत. समोरून गाय आली तर एकट्यालाही भिंतीला चिकटावं लागतं. त्यामुळे बहनजींची कंपनी म्हणजे बहुतेक वेळा त्यांची पाठ. फिकट सुती पातळ, काखेत पिशवी, आणि मान जराशी डावीकडे कललेली.

लग्नानंतर लगेचच माझ्या नवऱ्याची बँकेतली बदली बनारसला झाली आणि मिरजेहून आम्ही थेट तिथे जाऊन पडलो. गंगेपलीकडच्या रामनगरला जायला तेव्हा नदीवर पिपांचा तरंगता पूल असे आणि पावसाळा आला की तो काढून ठेवत. मला ना धड हिंदी येत होती, ना तिथला उन्हाळा सोसत होता. आमच्या समोरच्या घरात वरच्या मजल्यावर बहनजी एकट्या राहायच्या. घराणं मराठी, वडील वेदपाठी. जन्म तिथलाच. जवळच्या मुलींच्या शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या, म्हणून अख्खा मोहल्ला त्यांना बहनजी म्हणे, आणि मीही मराठीत बोलतानासुद्धा तेच म्हणू लागले. त्यांचं मराठी ऐकायला मोठं गोड होतं. "परेशान नको होऊस ग," म्हणायच्या. "आरामात जेव. मग बघू, काय करायचंय ते."

त्याच शाळेतली माझी नोकरी त्यांच्यामुळेच लागली असं म्हणायला हरकत नाही. त्यांनी शब्द टाकला नाही, शिफारस केली नाही. मुलाखतीच्या दिवशी नुसत्या बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. मोठ्या बहनजींना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, दारातून ती कललेली मान दिसत होती आणि मला विज्ञानाचे प्रश्न विचारताना त्यांचा आवाज दर वेळी थोडा मऊ होत होता.

पण तुम्हाला वाटेल, अशा बाईला सोबत न्यायला माणसं रांगा लावत असतील. तसं नव्हतं. बहनजी येत, पण बोलत नसत. शेजारच्या एका काकूंनी मुलीला बघायला येणाऱ्यांसमोर छाप पडावी म्हणून त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं. इंग्रजीच्या मास्तरीण आहेत, चार वाक्यं फेकतील, अशी काकूंची आशा. बहनजी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या, दोन कचोऱ्या खाल्ल्या, चहा घेतला आणि पाहुणे जाईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. काकू पुढे कितीतरी दिवस धुसफुसत होत्या. ती मुलगी मात्र मला म्हणाली, "बहनजी शेजारी बसल्या होत्या ना, म्हणून माझे हात थरथरले नाहीत."

एकदा माझा तास मोकळा होता. त्यांच्या नववीच्या वर्गाबाहेर व्हरांड्यात मी उभी होते. एका मुलीने फळ्यावर वाक्य लिहिलं होतं, माय सिस्टर गेव्ह मी कंपनी.

"गेव्ह काटो," बहनजी म्हणाल्या. "केप्ट लिखो."

मुलींना ते पटेना. आपण सगळे कंपनी देतोच की.

"जो चीज दी जाती है, उसे देकर आदमी चल देता है," बहनजी म्हणाल्या. "इसमें चल नहीं देते. बैठे रहते हैं. इसलिए कीप."

मागच्या बाकावरून एकजण म्हणाली, "पर बहनजी, कंपनी तो साबुन बनाती है."

वर्ग हसला. बहनजीही हसल्या. "वो दूसरी है. उसको गिन सकते हैं, एक कंपनी, दस कंपनी. इसको नहीं गिन सकते. इसका बहुवचन नहीं होता."

"तो कितने लोग हों, तब कंपनी कहेंगे?"

"एक आ जाए तो पूरी हो गई."

मग त्यांनी मुलींना सांगितलं की फार जुन्या लॅटिनमध्ये या शब्दाच्या पोटात रोटी आहे. सोबत रोटी खाणारा, तो कंपनीतला. मुलींनी ते लिहून घेतलं, आणि घंटा झाली.

घरी येताना मी विचारलं, "मराठीत काय म्हणाल याला?"

"सोबत," त्या म्हणाल्या. "आणि बघ, आपण सोबत करतो. करायचं म्हणजे काम आलं."

मला तेव्हा ते भाषेचं कौतुक वाटलं. मास्तरीणबाईंना शब्द आवडतात, तशातलं. त्या शब्दात किती काम असतं हे मला त्या वर्षीच्या पुरात दिसलं.

आमच्या शाळेत सुखदेई नावाची आया होती. घंटा वाजवणं, माठ भरणं, लहान मुलींची नाकं पुसणं हे तिचं काम. राहायची रामनगरला. नवरा भाजी पिकवून शहरात आणून विकायचा. पावसाळ्यात पूल नसला की दोघंही नावेने यायची. ती सकाळी लवकर, तो टोपल्या भरून मागाहून. एका सकाळी ती शाळेत पोचली, घंटा दिली, आणि त्यानंतर निघालेली त्याची नाव मधल्या धारेत उलटली. बाकीचे हाताला लागले. तो लागला नाही.

नावाड्यांनी दिवसभर शोधलं. शाळेखालीच पंचगंगा घाट. नदी रामनगरकडून वाहत आमच्याच बाजूला येते, तेव्हा काही लागलं तर याच अंगाला लागेल, असं कुणीतरी सुखदेईला सांगितलं. ती घाटावर जाऊन बसली. पुराने निम्म्याहून जास्त पायऱ्या गिळल्या होत्या. पाणी मातकट, झाडांच्या फांद्या घेऊन धावणारं. त्याच्या काठाच्या पायरीवर ती गुडघे पोटाशी घेऊन बसली आणि उठेना.

दीर आला, हात धरून ओढून बघून एकटाच परत गेला. घाटावरच्या पंडितांनी समजावलं की दर्भाचा पुतळा करून क्रिया करता येते, शास्त्रात सोय आहे. ती म्हणाली, "पहिले देखब." आधी बघेन. घरी सासूपाशी चार वर्षांची मुलगी होती, तिची आठवण लोकांनी काढून दिली. सुखदेईने ऐकून घेतलं आणि पुन्हा पाण्याकडे तोंड केलं. अंधार पडला की घाटावरच्या एका घरातली म्हातारी तिला आत नेऊन, घोटभर दूध पाजून निजवायची. उजाडलं की ती परत पायरीवर.

शाळा सुटल्यावर बहनजी घाटावर गेल्या. मीही मागोमाग गेले. त्यांनी पिशवीतून तरटाचा तुकडा काढला, सुखदेईच्या शेजारी अंथरला आणि बसल्या.

सुखदेई म्हणाली, "आप जाइए, बहनजी."

"जाऊँगी. अभी बैठी हूँ."

मी दोन पायऱ्या वर बसले होते. मला गप्प राहवेना. मी माझ्या मोडक्या हिंदीत धीर दे, देवावर भरवसा ठेव, मुलीकडे बघ, असलं सगळं बोलू लागले. सुखदेई माझ्याकडे बघतही नव्हती. बहनजी मान न वळवता मराठीत म्हणाल्या, "तू जरा गप्प बैस. नाहीतर घरी जा आणि चहा ठेव."

मी बसले. तुम्ही कधी असं बसून बघा. पहिल्यांदा पाय अवघडतात, मग मन अवघडतं. समोरच्या माणसाचं दुःख इतकं जवळ असतं की काहीतरी करून ते दूर ढकलावंसं वाटतं. उपदेश, पाण्याचा पेला, डोक्यावरून हात, काहीही. बहनजी यातलं काही करत नव्हत्या. त्या पाण्याकडे बघत होत्या. सुखदेई बघत होती तिथेच. जणू त्यांचंही कुणी त्या पाण्यातून यायचं होतं. थोड्या वेळाने मी उठले आणि घरी जाऊन खरंच चहा ठेवला.

त्या रोज जाऊ लागल्या. रुमालात चार पोळ्या बांधून न्यायच्या. रुमाल दोघींच्या मध्ये पसरायचा, आपल्या दोन खायच्या, उरलेल्या दोन तशाच ठेवायच्या. 'खा' म्हणायचं नाही. निघताना त्या दोन पोळ्या घाटावरच्या शेळीला. कितीतरी दिवस ती शेळीच जेवत होती. मग एका दुपारी बहनजींचं खाऊन झालं आणि सुखदेईने नदीवरची नजर न काढता हात बाजूला नेला, पोळीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. मी चहाचा तांब्या घेऊन वरून उतरत होते. बहनजींनी मला हाताने तिथेच थांबवलं. चहा गार झाला.

इकडे शाळेत कुरबुर सुरू झाली. आया कामावर नाही, दुसरी बघा, असं संस्थेच्या व्यवस्थापकांनी कळवलं. त्या दिवसापासून घंटा बहनजी देऊ लागल्या. वीस वर्षं इंग्रजी शिकवणारी बाई तास संपता संपता खडू ठेवायची, व्हरांड्याच्या टोकाला जायची आणि लाकडी हातोडी उचलून लोखंडी तुकड्यावर टोले द्यायची. सकाळी माठ भरायची. लहान मुलींची नाकंही पुसली असावीत. व्यवस्थापक स्वतः बघायला आले. पान खाणारे, भारदस्त गृहस्थ. बहनजी घंटेपाशीच उभ्या होत्या.

"आप ये क्या कर रही हैं, बहनजी?"

"घंटी दे रही हूँ. काम में कोई कमी हो तो कहिए."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. कमी नव्हती. आम्ही बाकीच्या शिक्षिका वर्गांच्या दारांत उभ्या राहून बघत होतो. दुसऱ्या दिवशी माठ भरायला आणखी दोघी लवकर आल्या. मी त्यांतली एक. दुसरी आया बघण्याचं पुन्हा कुणी काढलं नाही.

पाणी उतरू लागलं. एकेक पायरी उघडी पडे, गाळाने माखलेली. काठ खाली गेला की सुखदेई खाली सरके, तिच्याबरोबर तरटाचा तुकडाही सरके. बहनजींना पाण्याचं विलक्षण भय होतं. ते सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं आणि त्याची थट्टाही व्हायची. काशीत जन्मलेली ही बाई कधी नावेत बसली नव्हती. पर्वणीला सगळ्या बायका गंगेत बुड्या मारत, तेव्हा या वरच्या पायरीवर उभ्या राहून दुसऱ्याने भरून आणलेला तांब्या अंगावर ओतून घ्यायच्या. आणि आता त्या पाण्याला पाय लागतील इतक्या जवळ तासन् तास बसत होत्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "भीती वाटते ग. पण ती तिथे बसलीये, तर मी वर कशी बसू?"

तो सापडला नाहीच.

आश्विन लागला होता. एक दिवस आम्ही गेलो तर सुखदेई उभी होती. वाकून, ओंजळीने पाणी मारून ती पायरीवरचा गाळ धूत होती. पायरीचा दगड स्वच्छ झाला तेव्हा तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "बहनजी, अब घरे जाब."

"चलो," बहनजी म्हणाल्या. "बस से चलेंगे?" रेल्वेच्या पुलावरून लांबून वळसा घालून बस जायची.

सुखदेईने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "नाव से. रोज त नावे से जाए के बा."

रोज तर नावेनेच जायचंय. तिचं खरं होतं. पूल बांधायला अजून महिनाभर होता आणि कामावर यायचं तर नदीवरूनच यायचं होतं. आज वळसा घालून काय होणार. मी बहनजींकडे बघितलं. त्यांचा चेहरा पातळासारखाच फिकट झाला होता. म्हणाल्या, "ठीक है. नाव से."

रिक्षा करून आम्ही तिघी रामनगरच्या समोरच्या घाटावर गेलो. नाव भरलेली होती. टोपल्या, सायकली, माणसं. सुखदेई आधी चढली. तिचा पाय फळीवर एकदा थबकला, पण ती चढली. नंतर बहनजी. नावाड्याने दिलेला हात त्यांनी असा आवळला की तो हसला आणि मग त्यांचं तोंड बघून हसायचा थांबला.

नाव सुटली. पूर ओसरला होता तरी मध्ये धार होती. तिथे नाव तिरपी झाली आणि पाणी कडेपर्यंत आलं. बहनजींनी डोळे मिटून फळी धरली होती. बोटांची पेरं पांढरी पडली होती. ओठ हलत होते, स्तोत्र म्हणत असाव्यात. सुखदेई पाण्याकडे एकटक बघत होती. हीच ती जागा असणार. मला वाटलं, आता ही उडी टाकेल की काय. मी तिच्याजवळ सरकू बघत होते, पण त्या गर्दीत जागेवरून हलणं अवघड.

तेवढ्यात तिची नजर बहनजींवर गेली. तिने त्यांचे हात बघितले. पाण्याकडून ती पुरती वळली, उठून बहनजींच्या आणि नदीच्या मधोमध येऊन बसली, आणि त्यांच्या हातांवर आपले दोन्ही हात ठेवले.

"हम हईं न," ती म्हणाली. मी आहे ना.

बहनजींनी डोळे उघडले नाहीत. फळी मात्र सोडली. पलीकडे लागेपर्यंत दोघी तशाच बसल्या होत्या. धार कधी ओलांडली हे दोघींनाही कळलं नसेल. मला कळलं, कारण मी मोकळी होते, बघत होते. माणूस माणसाला काय असू शकतो हे मी तोवर वाचलं होतं, ऐकलं होतं. डोळ्यांसमोर घडताना पहिल्यांदा बघितलं. मला हात जोडावेसे वाटले. पण कुणाला जोडायचे ते कळेना, म्हणून मांडीवर तसेच राहिले.

रामनगरच्या त्या घरापुढे मुलगी मातीत खेळत होती. सुखदेईने तिला उचललं. सासू दारात आली. त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून जे रडल्या, ते रडणं इतके दिवस अडून राहिलं होतं. बहनजी आत गेल्या नाहीत. अंगणातल्या बाजेवर जरा टेकल्या, पाणी प्यायल्या आणि मला म्हणाल्या, "चल. आता त्यांचं त्या बघतील."

परत आम्ही बसनेच आलो. पुलावर त्या खिडकीतून खाली बघत म्हणाल्या, "वरून बरी दिसते ग नदी. पण एकदा पुरे." नंतर बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "ती होती म्हणून मी गेले. एकटीने जमलं नसतं."

पुढच्या आठवड्यात सुखदेईची घंटा झाली. बहनजी खडू हातात घेऊन धडा पुरा करत बसल्या. त्यांच्या तोंडून घाटावरच्या त्या दिवसांचा उल्लेख मी कधी ऐकला नाही.

यथावकाश आमची बदली झाली. बनारस सुटलं, मुलं मोठी झाली, मिरजेला घर बांधलं. बहनजी निवृत्त होऊन भाच्याकडे, त्याच मोहल्ल्यात राहत होत्या. त्या अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा मी एकटीच गाडीत बसून गेले.

लहानशा झाल्या होत्या. मी त्यांच्या खाटेजवळ स्टूल ओढलं आणि बसले. इतक्या वर्षांत शिकले होते, तशी गप्प.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "काय ग, तोंडात काही धरलंयस का?"

"नाही, बहनजी."

"मग बोल की काहीतरी."

मी म्हटलं, "तुम्हीच तर शिकवलंत, नुसतं बसावं."

"ते तिच्यापाशी," त्या म्हणाल्या. "तिला ऐकायचं नव्हतं. मला ऐकायचंय. जिला जे पाहिजे ते बघायला नको का?" एवढ्या बोलण्याने त्यांना धाप लागली. "मराठी बोल. इथे पोरं सगळी हिंदी बोलतात."

मग मी बोलत सुटले. सकाळी पोहे झाले की खाटेपाशी बसायचं आणि बोलायचं. धाकट्याच्या लग्नात आचारी पळाला ती गोष्ट. सासूबाईंनी शेजारणीशी अबोला धरला आणि दोघी एकाच देवळात पाठीला पाठ लावून आरती कशी म्हणायच्या ती. त्या डोळे मिटून ऐकायच्या. मी थांबले की चादरीवरचं त्यांचं बोट वर उठायचं आणि खाली पडायचं. चालू दे.

एका दुपारी मी आमच्या परसातल्या पेरूची हकीगत सांगत होते. तो पेरू वर्षानुवर्षं फळ धरेना, म्हणून तोडायला माणूस बोलावला. त्या माणसाने कुऱ्हाड टेकवली, झाडाखाली बसून आधी भाकरी सोडली, आणि खाता खाता वर बघितलं. इथवर आले आणि श्वास घ्यायला थांबले. बोट उठलं नाही.

मी वाट बघितली. बाहेर गल्लीत कुणी तरी भांडी घासत होतं. भाच्याची बायको चहा घेऊन दारात आली, आणि आमच्याकडे बघून कप हातात धरून तशीच उभी राहिली. तिला कळलं होतं. मलाही कळलं होतं.

हकीगत अर्धी राहिली होती. मी स्टूल आणखी जवळ ओढलं, आणि त्या माणसाला पानांआड काय दिसलं, मग आम्ही सगळे शिडी घेऊन कसे धावलो, पहिला पेरू कुणी खाल्ला, हे सगळं सावकाश, शेवटपर्यंत सांगितलं.